दत्तक बाळ आणि 'विशेष गरजा' : बदलत गेलेल्या एका यादीचा इतिहास

दत्तक जाणाऱ्या प्रत्येक बाळाचा एक वैद्यकीय अहवाल असतो. त्यात वजन, उंची, डोक्याचा घेर, रक्ताच्या तपासण्या आणि लसी लिहिलेल्या असतात. काही अहवालांवर आणखी एक शेरा असतो : 'विशेष गरजा असलेले मूल'. हा शेरा वाचून बरीच जोडपी तिथेच थांबतात. काही जण तो कागद घेऊन आमच्यासारख्या डॉक्टरांकडे येतात आणि विचारतात, "हे बाळ पुढे नॉर्मल होईल का?"

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक बाळासाठी वेगळे असते. पण त्याआधी हा शेरा म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला हवे. त्याखाली कोण येते याची यादी गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलली आहे. एका पिढीने 'हे मूल कोणी घेणार नाही' म्हणून बाजूला ठेवलेले मूल पुढच्या पिढीत सहज कोणाच्या तरी घरी वाढले. मूल तेच होते. बदलले ते वैद्यकशास्त्र, कायदा आणि आपली नजर. आज तो इतिहास थोडक्यात पाहू.

दत्तक कोणासाठी?

आपल्याकडे पूर्वी दत्तक घेतला जायचा तो वंश चालवायला, श्राद्ध-तर्पण करायला आणि वतन, इस्टेट सांभाळायला. म्हणजे दत्तकाची गरज मोठ्यांची होती, मुलाची नव्हे. साहजिकच मुलगा हवा, तोही धडधाकट आणि शक्यतो भावकीतला. जुन्या हिंदू कायद्यात तर जन्मतः अंध, बहिऱ्या किंवा मुक्या माणसाला वारसाहक्कच मिळत नसे. इंग्रजांच्या काळात १९२८ मध्ये झालेल्या कायद्याने ही बंदी बऱ्याच अंशी उठवली, पण जन्मापासून मनोरुग्ण किंवा मतिमंद असलेल्यांना त्यातूनही वगळले. आजार किंवा व्यंग यावरून वारसा नाकारता येणार नाही, असे स्पष्ट झाले ते १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने. त्याच वर्षी हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आला आणि मुलगीही दत्तक घेता येऊ लागली.

मुलाच्या गरजेतून मूल घेण्याचे उदाहरण मात्र महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधी घडले होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवणूक झालेल्या विधवांनी तिथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे आणि बाळाचा जीव वाचावा, हा हेतू. काशीबाई नावाच्या अशाच एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतले. त्याचे नाव यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगच्या साथीत सावित्रीबाई त्याच्यासोबत रुग्णांची सेवा करत होत्या आणि त्यातच त्या गेल्या. पंढरपुरातही १८७५ मध्ये प्रार्थना समाजाने अशा बाळांसाठी अनाथ बालकाश्रम काढला.

आता विचार करा. त्या काळात 'विशेष गरजा' हा शब्द असता, तर विधवेच्या पोटी जन्मलेले बाळ यादीत सगळ्यात वर असते. त्या बाळाच्या शरीरात कोणताही दोष नव्हता. दोष होता तो बघणाऱ्यांच्या नजरेत.

'निर्दोष बाळ' शोधणारी अमेरिका

आता अमेरिकेकडे वळू. कारण 'विशेष गरजा' ही संज्ञा आणि त्यामागचे बरेच संशोधन तिथून आले.

१८५१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने दत्तकाचा कायदा केला. मुलाचे हित पाहूनच न्यायाधीशांनी परवानगी द्यावी, हा विचार त्यात होता. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुप्रजननशास्त्राची लाट आली. बुद्धी, चारित्र्य, गुन्हेगारी हे सगळे रक्तातूनच येते, असे मोठमोठे विद्वान सांगू लागले. न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथे मतिमंद मुलांची एक प्रसिद्ध संस्था होती. तिथले मानसशास्त्रज्ञ हेन्री गोडार्ड यांचे मत असे, की ज्याच्या घराण्याची माहिती नाही असे मूल घरात आणणे धोक्याचे.

पुढे येल विद्यापीठातील डॉ. आर्नोल्ड गेसेल यांनी बाळांच्या विकासाचे टप्पे ठरवले. मान कधी धरावी, कधी बसावे, ठोकळा कसा पकडावा. हे टप्पे आजही बालरोगतज्ज्ञांना उपयोगी पडतात. पण त्या काळी त्यांचा वापर बाळांची निवड करण्यासाठीही झाला. चाचणीत मागे पडलेले बाळ दत्तकासाठी अयोग्य ठरू लागले. ते संस्थेतच राहायचे आणि संस्थेत राहिल्यामुळे आणखी मागे पडायचे. मग चाचणी कशी बरोबर होती, असे सगळे म्हणायचे!

आयोवातील दोन मुली

हे चक्र मोडणारी घटना १९३० च्या दशकात आयोवा राज्यात घडली. वैद्यकीय इतिहासातील ही माझी सर्वात आवडती गोष्ट आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

डेव्हनपोर्ट येथे राज्याचा मोठा अनाथाश्रम होता. तिथली तान्ही बाळे दिवसभर पाळण्यात पडून असत. पाळण्यांच्या बाजूंना चादरी लावलेल्या, त्यामुळे बाहेरचे काही दिसत नसे. खेळणी जवळजवळ नव्हतीच. दूध पाजायला आणि लंगोट बदलायला तेवढे कोणीतरी येई. हॅरॉल्ड स्कील्स नावाचे मानसशास्त्रज्ञ तिथे काम पाहत. दोन मुलींची त्यांनी तपासणी केली. एक १३ महिन्यांची, दुसरी १६ महिन्यांची. दोघी अतिशय हडकुळ्या, मलूल, स्वतःहून काही न करणाऱ्या. त्यांचे विकासांक आले ४६ आणि ३५. सर्वसाधारण बाळाचा विकासांक १०० च्या आसपास असतो. निष्कर्ष निघाला की या मुली कायमच्या मतिमंद आहेत. त्यांना दत्तक देणे शक्य नाही, म्हणून त्यांची रवानगी मतिमंद प्रौढ स्त्रियांच्या संस्थेत झाली.

सहा महिन्यांनी स्कील्स त्या संस्थेत गेले, तेव्हा दोन चुणचुणीत मुली इकडून तिकडे पळत होत्या, हसत होत्या. त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. पुन्हा चाचणी घेतली. विकासांक निघाले ७७ आणि ८७. साडेतीन वर्षांच्या सुमारास ते ९५ आणि ९३ झाले, म्हणजे जवळपास सर्वसाधारण.

औषध कोणते दिले होते? कोणतेही नाही. त्या वॉर्डातील स्त्रियांनी या मुलींना आपलेसे केले होते. कोणी कडेवर घेई, कोणी गप्पा मारी, कोणी खेळणे देई. कर्मचारी त्यांना फिरायला नेत. ज्या स्त्रियांचे मानसिक वय जेमतेम पाच ते नऊ वर्षांचे मानले जात होते, त्यांनी या मुलींना ते दिले जे अनाथाश्रमाने दिले नव्हते : आपले असे कोणीतरी माणूस.

मग स्कील्स यांनी तीन वर्षांखालील १३ मुलांना अशाच प्रकारे संस्थेतील स्त्रियांच्या सहवासात ठेवले. त्यांचा सरासरी बुद्ध्यंक ६४ होता, तो वाढून ९२ झाला. तुलनेसाठी अनाथाश्रमातच राहिलेली १२ मुले घेतली. त्यांचा सुरुवातीचा बुद्ध्यंक चांगला ८७ होता. तो घसरून ६१ वर आला. म्हणजे 'हुशार' मुले मागे पडली आणि 'मतिमंद' मुले पुढे गेली!

१९३९ मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर त्या काळच्या नामवंतांनी त्याची टर उडवली. मुले थोडी होती, प्रयोगाची रचना काटेकोर नव्हती, हे आक्षेप खरेही होते. पण स्कील्स यांनी त्या मुलांचा माग सोडला नाही. जवळजवळ तीस वर्षांनी, १९६६ मध्ये, त्यांनी पुढची हकीकत छापली. पहिल्या गटातील १३ पैकी ११ मुले दत्तक गेली होती. तेराही जण स्वतःच्या पायांवर उभे होते आणि त्यांचे शिक्षण सरासरी बारावीपर्यंत झाले होते. दुसऱ्या गटातील एक जण किशोरवयातच संस्थेत मरण पावला होता आणि चार जण अजूनही संस्थांमध्येच होते. त्याच गटातील एका मुलाला मात्र ऐकू कमी येते म्हणून बहिऱ्यांच्या निवासी शाळेत पाठवले होते. तिथे त्याच्याकडे लक्ष देणारी माणसे मिळाली आणि तो गटातील इतरांपेक्षा कितीतरी पुढे गेला. ज्याला आपण अपंगत्व म्हणतो, त्यानेच त्याला वाचवले, असे म्हणावे लागेल.

पुराव्यावर पुरावा

नंतर असे पुरावे साचत गेले. १९४५ मध्ये रेने स्पिट्झ यांनी दाखवले, की स्वच्छ, पोटभर दूध मिळणाऱ्या संस्थेतही मायेचे माणूस नसेल तर बाळे खंगतात. १९५१ मध्ये जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी याच विषयावर अहवाल लिहिला. त्यानंतर मोठा धडा मिळाला तो रोमानियात. १९८९ मध्ये तिथली हुकूमशाही कोसळली आणि अनाथाश्रमांतील हजारो मुलांचे हाल जगासमोर आले. २००० मध्ये बुखारेस्ट शहरात १३६ मुलांचा काटेकोर अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे अर्ध्या मुलांना पालक-कुटुंबात ठेवण्यात आले. कुटुंबात गेलेली मुले अधिक सुधारली आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मायेने सगळे बरे होते, असा याचा अर्थ नाही. डाऊन सिंड्रोम मायेने जात नाही, सेरेब्रल पाल्सीही जात नाही. पण प्रत्येक मुलाच्या मागे पडण्यात दोन भाग असतात : एक आजाराचा आणि एक एकटेपणाचा. दुसरा भाग बराचसा भरून निघतो आणि त्यासाठी वेळ महत्त्वाची असते.

औषधांनी यादी कशी छोटी केली

आजाराचा भागही स्थिर राहिला नाही. काही उदाहरणे पाहा.

*वाकडी पावले.* जन्मतः आत वळलेल्या पावलांना क्लबफूट म्हणतात. पूर्वी यासाठी मोठमोठ्या शस्त्रक्रिया होत. डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी आठवड्याला एक प्लास्टर बदलत पाऊल हळूहळू सरळ करण्याची पद्धत बसवली. गंमत म्हणजे हेही आयोवामध्येच! आज ती जगभर वापरली जाते. पहिल्या काही आठवड्यांत सुरुवात झाली आणि नंतर बूट-पट्टी नेमाने वापरली, तर बहुतेक मुले पळू लागतात.

*हृदयातील जन्मजात दोष.* १९३८ मध्ये बॉस्टनच्या डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी जन्मानंतर उघडी राहिलेली रक्तवाहिनी यशस्वीपणे बांधली. १९४४ मध्ये 'निळ्या बाळां'वर पहिली शस्त्रक्रिया झाली. आज हृदयातील छिद्र बुजवणे हे आपल्या मोठ्या शहरांतही नेहमीचे काम झाले आहे.

*फिनाइलकीटोन्युरिया.* हा चयापचयाचा दुर्मिळ जन्मजात आजार. लेखिका पर्ल बक यांची मुलगी कॅरल १९२० मध्ये जन्मली. तिची बुद्धी का वाढत नाही, हे कोणालाच कळेना, कारण हा आजार ओळखला गेला तोच १९३४ मध्ये. शेवटी पर्ल बक यांनी तिला व्हाइनलँडच्या त्याच संस्थेत ठेवले, जिथे पूर्वी गोडार्ड काम करत. आज टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर हा आजार पहिल्या काही दिवसांत कळतो आणि खास आहार दिला तर मेंदू वाचतो. पर्ल बक यांनी पुढे अनेक मुले दत्तक घेतली. मिश्र वंशाच्या मुलांना दत्तकसंस्था नाकारत, म्हणून १९४९ मध्ये त्यांनी 'वेलकम हाऊस' ही संस्थाच काढली.

*एचआयव्ही.* एचआयव्हीग्रस्त आईच्या बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडे उतरतात आणि ती १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे या वयात साधी चाचणी पॉझिटिव्ह आली तरी बाळाला संसर्ग झालाच, असे नाही. पीसीआर तपासणीने ते लवकर कळते. आणि संसर्ग असलाच, तरी नियमित औषधांवर ही मुले मोठी होतात, शिकतात, नोकऱ्या करतात.

*डाऊन सिंड्रोम.* गुणसूत्रांतील फरक कायम राहतो. पण हृदयावरच्या शस्त्रक्रिया, थायरॉईडची तपासणी आणि घरात वाढणे यामुळे प्रगत देशांत सरासरी आयुष्य १९८० च्या सुमारास २५ वर्षे होते, ते आता ६० च्या आसपास पोहोचले आहे.

शब्द आला, मग पैसाही आला

अमेरिकेत १९५० च्या दशकात अशा मुलांना 'घर मिळण्यास अवघड' म्हणत. त्यात अपंग मुले होती, तशीच काळी मुले, मोठी मुले आणि एकमेकांपासून तोडू नयेत अशी भावंडेही होती. १९८० च्या कायद्यात 'विशेष गरजा' ही संज्ञा पक्की झाली. त्यामागचा व्यावहारिक विचार महत्त्वाचा आहे : असे मूल घेणाऱ्या कुटुंबाला सरकारने आर्थिक मदत आणि वैद्यकीय खर्चाची हमी द्यायची. म्हणजे 'विशेष गरज' हा मुलावर मारलेला शिक्का नव्हता. कुटुंबाला काय काय लागेल, याची ती नोंद होती. आपल्याकडे शब्द आला, पण त्याचा हा अर्थ अजून पुरता रुजलेला नाही.

आपल्याकडे काय झाले

भारतातून परदेशात मुले पाठवताना होणाऱ्या गैरप्रकारांबद्दल लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. १९८४ मध्ये न्यायालयाने त्यावर निकाल देऊन दत्तकाची शिस्त घालून दिली : आधी भारतीय कुटुंब, मग परदेशी. १९९० मध्ये 'कारा' ही केंद्रीय यंत्रणा स्थापन झाली. २०१५ चा बाल न्याय कायदा आल्यावर सगळी प्रक्रिया एकाच पोर्टलवरून होऊ लागली. २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

या नियमांत विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी दारे थोडी रुंद आहेत. ज्यांना आधीच दोन किंवा अधिक मुले आहेत, त्यांना सर्वसाधारण बाळ मिळत नाही, पण असे मूल मिळू शकते. परदेशी कुटुंबांसाठीही ही मुले लवकर खुली होतात. म्हणूनच आपल्या संस्थांतील अशी बरीच मुले परदेशात वाढतात. तिथली माणसे आपल्यापेक्षा जास्त प्रेमळ आहेत, असे मला वाटत नाही. तिथे थेरपी, शाळा आणि विमा हाताशी असतो, हे मोठे कारण आहे.

चित्र बदलते आहे. २०१६ च्या सुरुवातीला पुण्यात नोकरी करणाऱ्या एका अविवाहित तरुणाने डाऊन सिंड्रोम असलेले बाळ दत्तक घेतले. जुन्या नियमाप्रमाणे त्याचे वय कमी पडत होते. तो पाठपुरावा करत राहिला आणि वयाची अट शिथिल झाल्यावर बाळ घरी आले.

अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या शंभराहून अधिक दिव्यांग मुलांना वाढवले आणि वडील म्हणून स्वतःचे नाव दिले. कायद्याच्या भाषेत हे दत्तक नव्हे. पण अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून मतिमंद मुलाला संस्थेबाहेर काढायचे का, हा त्यांनी लावून धरलेला प्रश्न आपल्या सर्वांसाठी आहे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

अहवाल हातात आल्यावर काय विचारावे?

'नॉर्मल होईल का' या एका प्रश्नाऐवजी डॉक्टरांना हे प्रश्न विचारा :

१. नेमके निदान काय आहे? 'विकास उशिरा' हे निदान नव्हे. संस्थेत वाढणारी बरीच बाळे थोडी मागेच असतात.

२. यातले काय पूर्ण बरे होईल, काय औषधाने ताब्यात राहील आणि काय कायम राहील?

३. कोणती गोष्ट ठरावीक वयाच्या आत करायलाच हवी? श्रवणयंत्र, वाकड्या पावलांचे प्लास्टर, टाळूची शस्त्रक्रिया यांत उशीर महागात पडतो.

४. आमच्या गावात किंवा जवळ फिजिओथेरपी, वाचा-उपचार, योग्य शाळा आहे का? जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा.

५. खर्चाचे काय? दिव्यांग प्रमाणपत्र कसे मिळते आणि ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व यांसाठी असलेली 'निरामय' विमा योजना लागू होते का, हे विचारा.

६. आमच्यानंतर कोण? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठरा वर्षांनंतरही कायदेशीर पालक नेमता येतो. हे आधीच समजून घ्या.

या उत्तरांनंतर तुम्हाला 'आपल्याला हे झेपणार नाही' असे वाटले, तर तसे आधीच सांगा. त्यात लाज नाही. घरी आणलेले मूल परत पाठवणे हा त्या मुलासाठी दुसरा त्याग असतो. आणि दत्तक फक्त अधिकृत मार्गानेच घ्या. एखाद्या दवाखान्यातून परस्पर बाळ आणणे हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

पण झेपेल असे वाटले, तर ठरवायला फार वेळ लावू नका. संस्थेतल्या बाळासाठी आपले सहा महिने म्हणजे फार मोठा काळ असतो. आयोवातील त्या दोन मुलींनी तेवढ्याच वेळात काय करून दाखवले, ते तुम्ही वर वाचलेच आहे.